कोपीवरून आलेले आवाज

ही हकिगत लिहायचं मी अनेक वर्षं टाळत आलो. वाचनालयाची स्मरणिका निघाली की कुणीतरी म्हणायचंच, "तात्या, जुनं काहीतरी लिहा." मग मी पहिलं कपाट कुठून आलं ते लिहायचो, पत्र्याची शेड कुणी बांधली ते लिहायचो, पेपर वाचायला सगळ्यांच्या आधी कोण येऊन बसायचं तेही लिहायचो. एवढं एक सोडून सगळं लिहायचो. सोडून द्यायची इतकी सवय झाली, की कधी कधी मलाच वाटायचं, असं काही घडलंच नसावं.

आता आमच्या गावाचे आवाज दिल्लीत, देशाच्या दप्तरखान्यात जपून ठेवले आहेत. त्यांच्यावर माझ्या मित्राचं नाव आहे. ते नाव तिथं कसं लागलं हे अभिमानाने सांगावं असं आहे. पण ते इतक्या उशिरा का लागलं हे आधी सांगायला हवं.

आमचं गाव तिसगावच्या बाजाराचं. जमीन मुरमाड, पाऊस मनाला येईल तसा. दसरा झाला की ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या. नवरा, बायको, बैल, टायरगाडी, कोयते, पिठाचं पोतं, सगळं कारखान्याच्या मुलखात. मागे म्हातारी माणसं, शेरडं आणि शाळेतली पोरं. पाडव्यापर्यंत गाव असं अर्धं असायचं. ख्यालीखुशाली कळायची ती जाणाऱ्या-येणाऱ्याच्या तोंडी. मी वाचनालय चालवायचो, त्यामुळे पत्रं लिहून द्यायचं कामही माझ्याकडेच. पण माझ्यापुढे बसलं की माणसं एकदम सोवळी व्हायची. "इकडे सर्व ठीक आहे" याच्या पुढे गाडी जायची नाही.

माझ्या मित्राचं बाजारात रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं. सगळे त्याला रेडिओवाला म्हणायचे, मीही. आम्ही एका वर्गात होतो. त्याची शाळा चौथीत सुटली आणि लिहिण्याचा त्याला कायमचा कंटाळा जडला. त्यानं मोडक्या यंत्रांचे भाग जोडून सेलवर चालणारा एक टेपरेकॉर्डर बनवला होता. एका हंगामात तो टोळ्यांचं पीठ घेऊन जाणाऱ्या ट्रकमध्ये चढला, कारखान्याच्या तळावर तोडकऱ्यांच्या कोप्यांतून, पाचटाच्या त्या झोपड्यांतून, हिंडला आणि परत आला तो कॅसेटी भरून. वाचनालयाच्या पायरीवर यंत्र ठेवलं. समोर सगळं म्हातारं गाव.

प्रत्येक निरोपाच्या आधी त्याचा आवाज यायचा, "बोला, लाल दिवा लागलाय." मग एखादा बाप्या नुसताच खाकरायचा. मग म्हणायचा, "आता काय बोलू? हे डबडं बघतंय माझ्याकडं." पायरीवर हशा पिकायचा. आणि मग त्याचं सुरू व्हायचं. गाभण गाय, बांधावरची भांडणं, पायाला लागलेला कोयता, पोराची परीक्षा. पत्रात जे कधी आलं नाही ते सगळं. मग म्हाताऱ्यांचे जबाब भरून तो पुढच्या ट्रकने परत जायचा.

हे त्यानं पुष्कळ हंगाम केलं. एकदा भरलेली कॅसेट तो पुसत नसे. कॅसेटच्या मागच्या कडेला दोन चिमुकल्या पट्ट्या असायच्या. त्या तोडल्या की तिच्यावर दुसरं काही भरता येत नाही. निरोप भरून झाला की तो त्या दातानं तोडायचा. त्याच्या दुकानाचा पत्रा गळायचा, म्हणून कॅसेटी वाचनालयाच्या कपाटात असायच्या. किल्ली माझ्याकडे.

त्यातली एक कॅसेट एका बाईची. फार बोलकी बाई. कॅसेटची अख्खी बाजू तिनं एकटीनं खाल्ली. त्याच हंगामात उसाची गाडी पलटी झाली आणि ती तिच्याखाली गेली. आमच्या पायरीवर तिचा आवाज आधी वाजला, बातमी मागून आली. तिची पोरगी तेव्हा परकर-पोलक्यातली, आजीजवळ राहणारी. आजीनं कॅसेटला कुंकू लावलं, सून अहेव गेली म्हणून, आणि रेडिओवाल्याला म्हणाली, "तुझ्यापाशीच ठिव बाबा. माझ्या घरात उंदरं हायेत. पोरगी सासरी जायला निघाली की ऐकव तिला."

ही अट त्याला माहीत होती. मी त्या दिवशी तिथे नव्हतो.

पुढे काही वर्षांनी वाचनालयाचा वर्धापनदिन आला. एका कारखान्याचे बडे पुढारी पाहुणे म्हणून येणार होते. मला नवी खोली बांधून हवी होती. वाटलं, साहेबांचं भाषण टेपवर धरावं, त्यांना ऐकवावं, खूश होतील. वाचनालयाला कुणी भेट दिलेला विजेवरचा टेपरेकॉर्डर होता. कोरी कॅसेट मात्र नव्हती. रेडिओवाला कोऱ्या कॅसेटी घेऊन तळावर गेला होता. मी कपाट उघडलं आणि हाताला आली ती कॅसेट घेतली. तिच्यावर कुंकू होतं. आमच्याकडे खंडेनवमीला हत्यारांची पूजा होते. रेडिओवाला पकड, कानस, डाग द्यायची सळई आणि कॅसेटी अशा सगळ्यांनाच कुंकू लावायचा. मला ते त्यातलंच वाटलं. एवढं मी नकळत केलं. पण मागच्या पट्ट्या तोडलेल्या मी पाहिल्या होत्या. त्यांचा अर्थ मला माहीत होता. त्या भोकांवर मी चिकटपट्टी लावली आणि लाल बटण दाबलं. ते मात्र कळून केलं.

भाषण लांबलं. मध्येच वीज गेली. साहेब पुढे विनामाईक बोलत राहिले, पण टेप तिथेच थांबला. मी चिकटपट्टी काढली, कॅसेट कपाटात ठेवली आणि विसरलो. खोली काही मिळाली नाही.

पोरीचं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी दुपारी मांडवात सगळं गाव. आजी रेडिओवाल्याला म्हणाली, "लाव रं आता." त्यानं ती कुंकवाची कॅसेट यंत्रात घातली. हळद लागलेली पोरगी पाटावर, तिचे डोळे यंत्रावर. आणि मांडवात आवाज घुमला, "माझ्या शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो, ऊस हे आपलं हिरवं सोनं आहे…"

आधी पोरं हसली. मग कुणीच हसलं नाही. पोरगी उठून आत गेली. आजी ओरडली, "बंद कर मेल्या!" त्यानं बंद केलं.

मी त्याच्यापासून हातभर अंतरावर उभा होतो. त्या वर्धापनदिनाला तो गावात नव्हता हे त्याला माहीत होतं. त्या दिवशी बटण कुणी दाबलं असेल हे ओळखायला त्याला फार वेळ लागला नसेल. गावाच्या मते मात्र टेप म्हणजे रेडिओवाला, दुसरं कोण? त्यानं माझ्याकडे पाहिलं नाही. यंत्र उचललं आणि म्हणाला, "माझ्याच हातनं झालं. कवातरी चुकून पुसलं गेलं."

मी गप्प राहिलो.

त्या दिवसापासून गाव त्याला रेडिओवाला म्हणेनासं झालं. "पुश्या" हे नाव पडलं. बाजारात पोरं ओरडायची, "पुश्या, माझा आवाज पुसू नको रं!" पुढच्या दसऱ्याला तो ट्रकपाशी गेला तर मुकादम हसत म्हणाला, "तुमी पिठावर बसा खुशाल, पर ते डबडं घरी ठिवा." तो ट्रकमध्ये चढला नाही. पुन्हा कधीच नाही. कपाटातल्या कॅसेटी त्यानं घरी नेल्या आणि लोखंडी पेटीत ठेवल्या.

त्यानंतरचं त्याचं काम मला कितीतरी उशिरा कळलं. दर दसऱ्याला तो पेटी उघडायचा आणि एकेक कॅसेट पुढून मागे, मागून पुढे फिरवून घ्यायचा, फीत चिकटू नये म्हणून. ओल धरू नये म्हणून तळाशी तांदळाच्या पुरचुंड्या, त्याही दरवर्षी नव्या. रेडिओ गेले, टीव्ही आले, मोबाईल आले, दुकानात रिचार्ज मारायला गर्दी व्हायला लागली, आणि तो पेटीतलं जपत राहिला. त्या भाषणाची कॅसेटसुद्धा तशीच जपली. फक्त ती वाजवली कधीच नाही.

करोनाच्या दुसऱ्या लाटेत तो गेला. चार माणसंसुद्धा जमायला परवानगी नव्हती. मी घराच्या ओट्यावरून हात जोडले.

नंतर वहिनींनी, म्हणजे त्याच्या बायकोनं, मला बोलावलं. पेटीकडे बोट केलं. "भावजी, ही कबाडवाल्याला देऊ का तुमाला? दोघंबी दारात येऊन बसता." मी म्हटलं, मला द्या. पेटी वाचनालयात आणली आणि त्या दिवशी ठरवलं, की हे आवाज देशाच्या दप्तरात गेले पाहिजेत आणि त्याच्या नावानं गेले पाहिजेत.

मग मी लिहीत सुटलो. ज्याला जन्मभर पत्र लिहायचा कंटाळा त्याच्यासाठी मी पत्रं लिहिली. पुण्याला, मुंबईला, दिल्लीला. कुणी कळवलं की आम्ही फक्त कागद घेतो. कुणी कळवलं, गायक नामवंत आहेत का? मी उलट लिहिलं की गायक कुणीच नाही. ऊस तोडणारी माणसं आहेत, ती घरी बोलतायत. या देशात तोडीला गेलेल्या माणसाच्या हातचा कागद तुम्हाला क्वचितच सापडेल, कारण त्याला लिहिताच येत नव्हतं. पण तो बोलला आहे, आणि ते माझ्याकडे पेटीभर आहे. ते पत्र कुणीतरी नीट वाचलं. दिल्लीहून एक बाई आल्या. मूळच्या वऱ्हाडातल्या, त्यामुळे बोलणं मराठीतच. त्यांनी पुरचुंड्या हातात घेतल्या, हुंगल्या आणि म्हणाल्या, "हे कोणी शिकवलं त्यांना?" मी म्हटलं, "कुणी नाही. वहिनींच्या पापडाच्या डब्यातलं उचललं असेल." नवरीची पाठवणी करावी तशी पेटी गावानं उचलून दिली. टेम्पोच्या मागे शाळेची पोरं वेशीपर्यंत धावली.

काही महिन्यांनी बाईंचा फोन आला. सगळ्या कॅसेटी वाजल्या, संगणकात उतरल्या. एकही फीत तुटली नव्हती. आता कोणता आवाज कुणाचा हे गावानं सांगायचं होतं, कारण रेडिओवाल्यानं एका शब्दाचंही लेबल लावलेलं नव्हतं. मी म्हटलं, "पाडव्यानंतर या. त्याआधी आलात तर सांगायला कोणी नसेल." त्या हसल्या. मग म्हणाल्या, "एक कॅसेट आहे. तिच्यात कुणा पुढाऱ्याचं भाषण आहे. ते मध्येच तुटतं. त्याच्या पुढे एक बाई बोलते. पाठवू का मोबाईलवर?"

माझ्या हातातला फोन मी दोन्ही हातांनी धरला. वीज गेली होती. वीज गेली होती आणि टेप थांबला होता! ज्या विजेला मी जन्मभर शिव्या घातल्या, तिनं त्या बाईचा शेवट वाचवला होता. मांडवात आजी "बंद कर" म्हणाली आणि आम्ही कुणीच पुढे ऐकलं नाही.

"पाठवू नका," मी म्हटलं. "इथंच लावा. ऐकायला एका माणसाला बोलवायचं आहे."

पाडव्यानंतर टोळ्या परतल्या आणि वाचनालयाच्या पायरीवर पुन्हा गाव बसलं. असे दिवस मी आयुष्यात पाहिले नव्हते. बाई एकेक आवाज लावायच्या आणि खाली बोलीच लागायची. एक म्हातारी म्हणाली, "ह्यो खोकला माझ्या सासऱ्याचा! जल्मभर खोकून त्यानं झोपू दिलं न्हाई." शेजारची म्हणाली, "तुझ्या सासऱ्याचा न्हाई, माझ्या दिराचा. तुझा सासरा शिंकायचा." एका गड्यानं स्वतःचाच विशीतला आवाज ओळखला नाही. त्याच्या नातीनं ओळखला. "आजोबा, तुमीच की! शेळीला हाका मारताय तशाच मारताय." पायरीवर एकच हलकल्लोळ झाला. आणि दर आवाजाआधी तोच तो, "बोला, लाल दिवा लागलाय." दुसऱ्या दिवशी तर सगळं गाव त्याच्यासोबत एका सुरात म्हणायला लागलं. ज्याचं यंत्र नको म्हणाले होते, त्याच्याबरोबर.

ती आली होती. परकर-पोलक्यातली पोरगी, आता केस पांढरे झालेली, नेवाशाकडच्या सासरहून एसटीनं. मी फोनवर फक्त म्हटलं होतं, "ये. तुझ्या कामाचं आहे." ती पुढे खुर्चीवर न बसता बायकांत खाली बसली.

बाईंनी ती कॅसेट लावली. "माझ्या शेतकरी बंधूंनो आणि भगिनींनो…"

मागून एक म्हातारा म्हणाला, "हीच ती. पुश्याची."

मी उठलो. गुडघे दुखतात म्हणून हल्ली मी सहसा उठत नाही. म्हणालो, "ती पुश्याची नाही. माझी आहे. ते भाषण मी भरलं. पट्ट्या तोडलेल्या होत्या, त्यावर चिकटपट्टी लावून भरलं. तो त्या दिवशी गावात नव्हता. त्यानं माझा गुन्हा स्वतःवर घेतला आणि मी घेऊ दिला."

साहेब बोलतच होते. हिरवं सोनं, हिरवं सोनं. मग वहिनी, बायकांच्या घोळक्यातून, मोठ्यानं म्हणाल्या, "बसा भावजी. मला ठावं हाय. ह्यांनी तवाच सांगितलं हुतं. म्हनले, त्यानं वाचनालय उभं केलंय. त्याचं नाव गेलं तर वाचनालय जाईल. माझं काय, माझं दुकानच खरखरीचं."

तेवढ्यात खट्ट असा आवाज आला. साहेब अर्ध्या वाक्यात गेले. आणि त्यांच्या जागी एक बाई, तीही अर्ध्या वाक्यातून, अशी ठणठणीत बोलायला लागली की पुढच्या रांगेतली माणसं दचकली.

"…दोन येण्या घालत जा म्हनावं तिला, एक न्हाई. एक घातली की भूत दिसती पोरगी. आन आत्याबाई, तुमी तिला गूळ लई देऊ नका, दात किडत्यात. तुमचं बी किडल्यात, कुनाला सांगताय." मग हसणं. कोपीतलं दुसरंही कुणी हसत होतं. "ए, ऐकतीस का गं? रडतीस का? रडू नको. पाडव्याला येते. झालं का ओ, दिवा हाय का अजून?"

"हाय. बोला," रेडिओवाल्याचा आवाज.

"आता काय बोलू? सगळं बोलले की."

फीत संपली.

बायकांत बसलेल्या त्या बाईनं हळूच मागे हात नेला. तिची एकच वेणी होती. ती हातात धरून ती अशी हसायला लागली की शेजारच्या बायकाही हसायला लागल्या. डोळ्यांतून पाणी, आणि हसतेय. "आई गं! मला वाटायचं माझी आई लई गरीब हुती. ही तर खेकसती माझ्यावर!"

मी तिच्याजवळ गेलो. वाक्य तयार होतं. तिनं हातानंच थांबवलं. "तात्या, तुमचं मागनं. आधी पुन्यांदा लावा."

पुन्हा लावलं. आणि पुन्हा. तिसऱ्यांदा सगळ्या पायरीनं तिच्या आईबरोबर म्हटलं, "एक घातली की भूत दिसती." परतीच्या एसटीत चढताना तिनं दोन वेण्या घातल्या होत्या. खिडकीतून मला म्हणाली, "चुकलं ते चुकलं. उरलं ते आलं ना." माझं "मागनं" तिनं तेवढ्यात उरकून टाकलं.

बाईंनी दिल्लीहून नोंदीचा मसुदा पाठवला. पत्रव्यवहार सगळा माझा, म्हणून संग्राहक म्हणून माझं नाव घातलं होतं. मी ते खोडलं आणि त्याचं लिहिलं. त्या एका कॅसेटच्या नोंदीत माझंही नाव आहे, जिथे असायला हवं तिथे: हा भाग अमक्यानं पुसला. आता देशातला कुणीही माणूस मागणी करून ते आवाज ऐकू शकतो. गावात त्याला पुन्हा रेडिओवाला म्हणतात. ज्यांनी त्याला कधी पाहिलं नाही ती पोरंसुद्धा खेळताना मूठ तोंडापुढे धरून म्हणतात, "बोला, लाल दिवा लागलाय."

सगळं नीट झालं. एक सोडून.

तो असताना मी त्याच्या दुकानात जायचो तो रेडिओ घेऊन. रेडिओ चांगला चालायचा. तरी म्हणायचो, बघ जरा. तो मागचं झाकण काढायचा, फुंकर मारायचा, लावायचा. मी समोरच्या बाकावर बसून शब्द जुळवायचो, गिऱ्हाईक यायचं, आणि मी रेडिओ उचलून घरी. असं किती वेळा केलं हे मोजायला नको. शेवटच्या वेळी दुकानात दुसरं कुणी नव्हतं. त्यानं झाकण उघडलंच नाही. नुसतं बटण फिरवलं. रेडिओवरचा बारीक लाल दिवा लागला. त्यानं रेडिओ माझ्याकडे वळवला, चष्मा कपाळावर सारला आणि हसून म्हणाला, "बोला. लाल दिवा लागलाय."

मी म्हणालो, "आवाज जरा बारीक येतोय वाटतं."

त्यानं माझ्याकडे क्षणभर पाहिलं आणि आवाज वाढवून दिला.

म्हणायचं होतं ते एवढंच: गड्या, ती कॅसेट मी पुसली. शिव्या तू खाल्ल्यास. मला माफ कर.